हात ठेवायची लाज

पाय नाहीत, पोट नाही, कमरेखाली तर कारखान्याने काहीच दिलेलं नाही. डोकं, मान आणि छाती, एवढाच माझा संसार. तरी आज मी बोलणार आहे आणि मला मध्येच कुणी थांबवायचं नाही.

मी सरावाचा पुतळा. माणूस कोसळला, श्वास बंद पडला, तर त्याची छाती कशी दाबायची हे ज्याच्यावर शिकवतात, तो मी. चौकातला पुतळा वेगळा. त्याला उन्हात उभं राहण्यापलीकडे काम नसतं. मला आयुष्यभर लोकांनी दाबलंय.

साच्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे अनेक शेजारी ओळीने पडलेले होते. सगळ्यांचं तोंड अर्धवट उघडं, जणू कुणाला हाक मारता मारता बंद पडलेत. सगळ्यांची छाती उघडी आणि फळीसारखी सपाट. आत एक स्प्रिंग. पुरेसं खोल दाबलं की 'टक्' वाजतं, म्हणजे दाबणाऱ्याला कळतं, जमलं. माझ्या खोक्यावर छापलं होतं, 'प्रौढ व्यक्ती'. पुरुष असं छापलं नव्हतं. छापायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

मला विकत घेतलं एका प्रशिक्षण कंपनीने. कारखान्यांत, कचेऱ्यांत जाऊन आग कशी विझवायची, ओझं कसं उचलायचं, प्रथमोपचार कसे करायचे, हे शिकवणारी कंपनी. तिथे मी ताईच्या हाती लागलो. ताई प्रथमोपचार शिकवायची. त्याआधी तिने साबणाच्या कारखान्यात वड्या खोक्यांत भरण्याचं काम केलं होतं. तोंडाने फटकळ, आवाज असा की माईकवाल्याला रजा द्यावी. मला पिशवीत कोंबून खांद्याला लावायची आणि गावभर फिरायची.

पहिल्याच वर्गात एकजण मला बघून म्हणाला, "हा तर आमच्या भावासारखा दिसतो. काही न करता पडलेला असतो." सगळे हसले आणि तेव्हापासून माझं नाव भाऊ पडलं.

माणसं किती तऱ्हेची असतात ते माझ्या छातीला विचारा. कुणी कणीक मळल्यासारखं दाबतं. कुणी दुकानातली गादी बघितल्यासारखं बोटाने टोचतं. कुणी आधी घड्याळ काढतं, मग अंगठी काढतं, मग बाह्या दुमडतं, तोवर माझ्या जागी खरा माणूस असता तर थंड झाला असता. ताई ओरडायची, "अहो, मालिश काय करताय, तो मेलाय! दाबा! बरगडी मोडली तर जुळेल, माणूस गेला तर कुठून आणाल?"

पुढे सगळं डिजिटल झालं. माझ्या छातीत सेन्सर बसवले. हात बरोबर जागी पडला, दाब बरोबर बसला की पडद्यावर हिरवं, चुकला की लाल. पूर्ण हिरवं झालं की चांदण्या उडायच्या आणि टाळ्यांचा आवाज यायचा. वाचायचा भाग मोबाईलवर गेला. चित्र बघा, 'पुढे' दाबा, चित्र बघा, 'पुढे' दाबा, शेवटी प्रमाणपत्र. लोक जेवता जेवता ते उरकायचे. पण खरं सांगतो, पडद्याचा ताईला राग नव्हता. "माझ्या डोळ्याला जे दिसत नाही ते त्याला दिसतं," ती म्हणायची. माझाही पडद्यावर राग नाही. माझा राग कुणावर आहे ते आता सांगतो.

ज्या साबणाच्या कारखान्यात ताई आधी कामाला होती, तिथेही आमचे वर्ग झाले. तिथल्या मुकादमाने माझ्यावर असा हात चालवला की पडदा एकदाही लाल झाला नाही. बाकीच्यांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याचा आणि माझा एकत्र फोटो काढून उपाहारगृहात लावला.

त्याच कारखान्यात ताईची थोरली नणंद होती. ताई तिला वन्सं म्हणायची. ताईला तिथे चिकटवली होती ती वन्संनीच. दोघींचं भांडण असं की शेजारी खिडक्या उघडून ऐकायचे, आणि माया अशी की एकीच्या डब्यातलं दुसरीने खाल्ल्याशिवाय घास उतरायचा नाही. वन्संनीही माझ्यावर सराव केला. दाबता दाबता म्हणाल्या, "वहिनी, पुरुष माणूस इतका वेळ गप्प पडलेला मी पहिल्यांदाच बघतेय." सगळा वर्ग हसून लोटपोट. ताईने वरवर डोळे वटारले, पण घरी जाईपर्यंत तीही हसत होती.

त्या वन्सं एका सकाळी साबणाच्या वड्या सरकणाऱ्या पट्ट्याशेजारी काम करता करता कोसळल्या आणि परत उठल्याच नाहीत.

तेव्हा मी तिथे नव्हतो. जे झालं ते मी मुकादमाच्या तोंडून ऐकलं. सगळे विधी उरकल्यावर तो ताईच्या घरी आला. मी कोपऱ्यात पिशवीत होतो, चेन अर्धी उघडी.

"मी ओळखलं होतं, ताई," तो म्हणाला. "श्वास नव्हता. मी गुडघ्यावर बसलो. सगळं आठवत होतं मला."

"मग?"

"अंगावर शर्ट होता त्यांच्या. बटणं लावलेली. आणि… बाईमाणूस. भाऊ उघडा असतो, ताई. सपाट असतो. मला कळेना हात कुठे ठेवू. सगळे बघत होते. कुणीतरी म्हणालं, बायकांना बोलवा. मीही म्हटलं, हो, बायकांना बोलवा."

"बायका कुठे होत्या?"

"पलीकडच्या शेडमध्ये."

"त्या येईपर्यंत काय केलंत?"

"वारा घातला. पाणी शिंपडलं."

ताईने विचारलं, "पुरुष पडला असता तर?"

"दाबलं असतं," तो म्हणाला. "डोळे मिटून दाबलं असतं."

"जा आता," ताई म्हणाली. तो गेला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, लगेच दाबायला घेतलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या. कदाचित! हा शब्द ताईच्या घशात हाडासारखा अडकला. मुकादम निघून गेल्यावर तिने मला पिशवीतून बाहेर काढलं, टेबलावर आडवं केलं आणि माझ्या त्या गुळगुळीत छातीकडे बघत बसली. जमीन फाटावी आणि आपण आत जावं, असं मला झालं. इतकी वर्षं मी हजारो हातांना शिकवलं होतं आणि कुणालाच बाई शिकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताई कपड्याच्या दुकानात गेली. मला बरोबर घेतलं होतं. बायकांचे वरचे आतले कपडे हवेत म्हणाली. दुकानदाराने विचारलं, "साईझ?"

"ह्याच्या मापाचे," ताईने मला काउंटरवर ठेवलं.

तो माझ्याकडे बघतो, तिच्याकडे बघतो. "ह्यांना… कशाला लागणार?"

"जीव वाचवायला. जास्त चौकशा करू नका, दाखवा."

ताईने स्पंज कापून शिवला, त्या आतल्या कपड्यात भरला, माझ्या छातीवर बांधला. वर कारखान्यातल्या गणवेशाचा निळा शर्ट घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली. मग स्वतः दाबून बघितलं. हात मधोमध हाडावर पडला की 'टक्' वाजत होतं, सेन्सरला सगळं समजत होतं. यंत्राची काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती माणसांची.

नव्या रूपात वर्गात गेलो आणि काय सांगू! बाप्यांचे कान लाल. बायका पदरा-ओढणीने नव्हे, तर हातातल्या कागदांनी तोंड झाकायला लागल्या. एकजण उठून पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. ताई हातांची घडी घालून उभी. "हसून घ्या," म्हणायची. "मला घाई नाही. हसून झालं की हात ठेवा." आणि ठेवायचे हो शेवटी. पहिल्यांदा चोरासारखा, दुसऱ्यांदा जरा धीराने, तिसऱ्यांदा नीट. एवढंच तर लागत होतं. लाज एकदा वर्गात मोडायची, म्हणजे प्रसंगाला आड येत नाही.

पण कुणीतरी तक्रार केली. कंपनीच्या विक्रीसाहेबाने ताईला बोलावलं. माणूस गोडबोल्या, रागावलाय की नाही ते कधी कळायचंच नाही.

"ताई, ग्राहक नाराज आहेत. चावटपणा वाटतो म्हणतात."

"बाई मेली तर चालेल, चावटपणा नको. असंच ना?"

"तसं कोण म्हणतंय? पण स्टँडर्ड पुतळा जगभर असाच असतो."

"मग जगभर चुकतंय. साहेब, बाजारातून येताना दुकानांच्या काचेत बघा. कपडे विकायचे असले की बाईचा पुतळा करता येतो तुम्हाला. छाती, कंबर, सगळं जिथल्या तिथे. जीव वाचवायला शिकवायचं असलं की मात्र साचा मिळत नाही?"

साहेब खुर्चीत हलला. मग म्हणाला, "वार्षिक परिषदेत आपला नवा संच येतोय. तिथे तुम्हाला मंचावर वेळ देतो. लोकांना पटलं तर प्रत्येक संचात असा शर्ट आणि ते… ते वरचं… घालू. शब्द देतो."

नवा संच म्हणजे नवीन पुतळे, नवीन ॲप, सगळ्या कारखान्यांत जाणारा. त्यात तो शर्ट गेला असता तर ताईला दारोदार भांडत फिरावं लागलं नसतं. घरी येऊन तिने मला सांगितलं, "भाऊ, एकदाच नीट उभा राहा माझ्या बाजूने." मला पाय नाहीत हे ती विसरली असावी.

ती परिषद! दरवर्षी भरते म्हणे. लोकांना कामावर कसं शिकवावं, आणि त्यासाठी कुठलं नवीन यंत्र विकत घ्यावं, ह्यावर तिथे सगळे बोलतात. सभागृह बर्फासारखं गार, पायाखाली गालिचा असा की आपण चालतोय हे आपल्यालाच ऐकू येऊ नये. प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला नाव. एकमेकांच्या तोंडाकडे न बघता आधी छातीवरचं नाव वाचायचे, मग ठरवायचे हसायचं की नाही. तिथे मात्र छातीकडे बघायला कुणी लाजत नव्हतं. कुणी डोळ्यांवर जाडा चष्मा चढवून हवेत चाचपडत होतं, ते म्हणे अवजड यंत्र चालवायला शिकत होते. एका टेबलावर एक पडदा स्वतःच प्रश्न विचारत होता आणि स्वतःच स्वतःला शाबासकी देत होता. प्रत्येकाच्या तोंडी 'भविष्य'. आज काय चाललंय ते विचारायला कुणाला सवड नाही.

मंचामागे आम्ही वाट बघत होतो. मोठ्या पडद्यावर त्या दिवसाच्या पुरस्कारांची नावं फिरत होती. ताईने वाचलं आणि ती एकदम ताठ झाली. 'शंभर टक्के प्रशिक्षित कर्मचारी' हा पुरस्कार साबणाच्या कारखान्याला. तोच कारखाना. ताईच्या बोलण्यानंतर लगेच द्यायचा होता.

त्या शंभर टक्क्यांत वन्संही होत्या.

तेवढ्यात कार्यक्रम सांभाळणारी बाई आली, कानात वायर, हातात पाण्याची बाटली. माझ्याकडे बघून थबकली. "हे काढावं लागेल, मॅडम. कॅमेऱ्यावर बरं नाही दिसत." ताईने साहेबाकडे बघितलं. साहेबाने बुटांकडे बघितलं. "एवढं सांभाळून घ्या ना, ताई. तोंडी सांगा की लोकांना. समजतील ते."

बटणं पटापट निघाली. मला उघडा करून चाकांच्या टेबलावरून प्रकाशात ढकललं.

ताई मागून आली. हातात निळा शर्ट आणि ते वरचं. माईकसमोर न जाता थेट माझ्यापाशी आली आणि सगळ्यांच्या देखत मला कपडे घालायला लागली. स्पंज बांधला, शर्ट चढवला, एकेक बटण लावलं, मग मला टेबलावरून उचलून जमिनीवर आडवं केलं. सभागृहात खुसखुस झाली. ती वळली.

"इथे शिकवण्याचा धंदा करणारे किती? हात वर करा."

बहुतेक सगळ्यांचे हात वर.

"ही बाई कोसळलीय. हाक मारून हलत नाही. श्वास नाही. या."

हात खाली.

मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, बायकोची परवानगी काढून येतो!" सभागृह खदखदलं.

"काढा," ताई म्हणाली. "तोवर ही मेली."

मग एकजण आला, अंगात कोट, गळ्यात पट्टा. हात ठेवले ते पार गळ्याजवळ. पडदा लाल. दुसरा आला, त्याने ठेवले पार खाली, जिथे मी संपतो तिथे. पडदा लाल. दोघांनीही हेच काम माझ्यासारख्याच्या उघड्या छातीवर कुठे ना कुठे केलेलं होतं, नाहीतर वर आलेच नसते. यंत्र बिचारं खरं तेच दाखवत होतं. ताईने माईक उचलला.

"साबणाच्या कारखान्याचे मुकादम बक्षीस घ्यायला आलेत. मुकादम, वर या."

तो पुढच्या रांगेत बसला होता, नवा शर्ट, भांग पाडलेला. त्याच्या बाजूचा व्यवस्थापक दात काढत होता. त्याला वाटलं, कौतुकाला बोलावतायत. मुकादम मात्र उठला तोच मेल्यासारखा. वर आला, माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला. माझ्या निळ्या शर्टाकडे बघितलं आणि त्याचे हात हवेतच थांबले.

"ताई, बटणं उघडू?"

"दाबायला गरज नाही. हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या पट्ट्या लावायच्या असल्या तरच उघडायची, आणि तेव्हाही कुणाला विचारत बसायचं नाही. दाब."

इतके दिवस ती त्याला 'अहो' म्हणत होती.

त्याने हात ठेवले. मधोमध, हाडावर. दाबलं. 'टक्'. पुन्हा 'टक्'. पडदा हिरवा झाला, चांदण्या उडायला लागल्या, त्या मेल्या ॲपने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मुकादम थांबला नाही. वाऱ्यासारखा दाबत राहिला, नाकाचं पाणी माझ्या शर्टावर टपटपत होतं.

ताई माईकमध्ये म्हणाली, "हे त्या दिवशी करायचं होतं."

"हो," तो म्हणाला आणि दाबतच राहिला.

"माझी नणंद होती ती," ताईने सभागृहाला सांगितलं. "ह्यांच्याच कारखान्यात, ह्यांच्यासमोर पडली. सगळ्यांकडे प्रमाणपत्र होतं. तिच्याकडेसुद्धा. कुणी हात लावला नाही, कारण ती बाई होती आणि तुम्ही शिकवता ते फक्त ह्या नागड्या भावावर. तुमच्या शंभर टक्क्यांत तिला धरलंय. आता द्या बक्षीस."

कुणी हसलं नाही. नुसत्या त्या ॲपच्या टाळ्या चालल्या होत्या, कुणाला बंद करायचं सुचेना.

आणि तुम्हाला वाटत असेल, मग सगळ्यांचे डोळे उघडले. छे! निवेदिकेने घसा साफ केला, म्हणाली, "अतिशय हृदयस्पर्शी," आणि पुरस्कार पुकारला. संगीत वाजलं. मुकादम घ्यायला गेला नाही. व्यवस्थापक एकटाच गेला, ट्रॉफी घेतली, फोटोला उभा राहिला, फोटोच्या कोपऱ्यात मी येऊ नये म्हणून जरा बाजूला सरकला. साहेब नंतर ताईला म्हणाला, "तुम्ही विषय भावनिक केलात. लोकांना पटायला हवं होतं, ताई, लाजवायला नको होतं." दिलेला शब्द त्याने तिथल्या तिथे गिळला. नवे संच गेले ते सपाटच. परिषदेची चित्रफीत निघाली, त्यात ताईच्या हातातला निळा शर्टसुद्धा दाखवला नाही. महिना संपायच्या आत ताईला सांगितलं, तुमची गरज उरली नाही. जुने पुतळे भंगारात काढले, त्यांत मीही होतो. ताईने भांडून मला सोडवून आणलं.

आता मी कुठे आहे? साबणाच्या कारखान्यात, उपाहारगृहाच्या एका टेबलावर. मुकादम व्यवस्थापकासमोर जाऊन उभा राहिला होता. "हा पुतळा इथे राहणार, शर्टासकट, नाहीतर माझी पाळी दुसऱ्याला द्या." पाळी बदलताना तो एकेकाला धरून आणतो. कुणी दात काढले तर असा खेकसतो की भिंतीवरची पाल पळावी. तो चांगला झाला असं मी म्हणत नाही. वन्सं त्याने परत आणलेल्या नाहीत. ताई येते, शिकवते, त्याच्याशी कामापुरतं बोलते. अजून तिने त्याला घरी या म्हटलेलं नाही आणि कधी म्हणेल असं मला दिसत नाही.

माझा शर्ट आता घामाने, साबणाच्या भुकटीने पांढरट झालाय. स्प्रिंग सैल पडलीय, 'टक्' ऐकायला कान लावावा लागतो. सेन्सर बंद पडले ते पडलेच, कंपनी दुरुस्त करून देणार नाही. पुढच्या परिषदेची जाहिरात कुणीतरी ताईला मोबाईलवर दाखवली. वर लिहिलंय, 'माणूस केंद्रस्थानी'. खाली माझा नवा भाऊबंद, गुळगुळीत, उघडा, सपाट. ताईने मोबाईल उलटा करून ठेवला.

म्हणून मीच सांगतो, कारण तुमच्या मोबाईलमध्ये हे सांगायला कुणी बसलेलं नाही. बाई कोसळली, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर बायकांना शोधत फिरू नका. एकाला रुग्णवाहिकेला फोन करायला लावा आणि तुम्ही गुडघ्यावर बसा. शर्ट असो, काही असो, छातीच्या मधोमध, हाडावर तळहात ठेवा, त्यावर दुसरा ठेवा, आणि जोरात, भरभर दाबा, मदत येईपर्यंत. लोक बघतील. बघू देत. तुम्हाला भीती वाटते ना, की ती शुद्धीवर येईल, उठून बसेल आणि तुमच्या कानाखाली जाळ काढेल?

काढू दे. काढायला ती उरली पाहिजे.